झेरमाटच्या अलीकडचे गाव : स्वित्झर्लंडमधील परवडणाऱ्या स्की-सहलीचे नियोजन

स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्यांना स्की ही हाताशी असलेली आणि म्हणून स्वस्तातली गोष्ट असणार, असा भारतातील आमच्या नातेवाइकांचा समज आहे. झ्युरिक कँटनमधल्या (कँटन म्हणजे येथील राज्य) विंटरथूर शहरात घर मांडल्यावर आम्हाला दिसले ते वेगळेच. येथे पगार जसे स्विस असतात तसेच पर्वतावरचे दरही स्विस असतात, आणि तीन-चार माणसांच्या कुटुंबाने विचार न करता एखाद्या प्रसिद्ध गावात आठवडाभर मुक्काम ठोकला, तर महिन्याच्या पगाराचा मोठा भाग तेथेच संपतो. असे असूनही स्की टाळावी, असे आम्हाला वाटत नव्हते. आमची मुलगी तिसरीत आहे आणि येथील शाळेत स्की हा केवळ छंद नसून जवळजवळ अभ्यासक्रमाचाच एक भाग आहे. वर्गासह बर्फातल्या शिबिराला जाणे ही या देशातील जुनी रीत आहे. राष्ट्रीय पातळीवरचे मुलांचे स्की-शिबिर १९४१ पासून भरते आणि शाळांना अशी शिबिरे योजणे सोपे व्हावे म्हणून २०१४ मध्ये ‘गोस्नो’ हा उपक्रम सुरू झाला. पुढच्या काही वर्षांत आमच्या मुलीलाही शिबिराला जायचे आहे, आणि तेव्हा वर्गातील बाकीची मुले उतारावरून भरधाव जात असताना तिने पहिल्यांदा स्की पायात अडकवावी, हे आम्हाला नको होते. म्हणून तिने आणि तिच्याबरोबर आम्ही दोघांनीही शिकायचे, आणि सगळा खर्च दोन हजार फ्रँकांच्या आत बसवायचा, असे ठरवून आम्ही सप्टेंबरमध्ये वही उघडली.

सवलती कोठे आहेत हे शोधण्यापासून बहुतेक जण सुरुवात करतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. अमुक कार्डावर दहा टक्के आणि तमुक दुकानात पंधरा टक्के अशी बेरीज करून फारसे काही वाचत नाही. खर्च खऱ्या अर्थाने ठरतो तो आपण कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या गावात जातो यावरून. हे दोन निर्णय आधी नीट घेतले, तर उरलेले सगळे आवाक्यात राहते.

आठवड्याचा प्रश्न शाळेमुळे अवघड होता. येथे हिवाळ्यात ‘श्पोर्टफेरिएन’ नावाची सुटी असते. सगळा देश एकाच वेळी डोंगरावर लोटू नये म्हणून ती कँटनांप्रमाणे, आणि काही ठिकाणी गावांप्रमाणेही, वेगवेगळ्या आठवड्यांत ठेवतात. त्याचा परिणाम असा होतो की जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारी संपेपर्यंत सलग मागणी राहते आणि तेवढे सगळे आठवडे महाग असतात. नाताळ आणि नववर्षाचे दिवस तर त्याहून महाग. मात्र ६ जानेवारीचा ख्रिस्ती सण झाला, पाहुणे परतले, की पुढचे दोन-तीन आठवडे गावे शांत होतात. बर्फ भरपूर असतो, उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टसमोर रांगा नसतात आणि घरमालक आठवड्याऐवजी थोड्या रात्रींसाठीही घर द्यायला तयार होतात. थंडी अधिक आणि दिवस लहान एवढाच तोटा. पण जानेवारीत शाळा चालू असते. येथे आमच्या उपयोगी पडली ती झ्युरिक कँटनमधील ‘योकरटाग’ची सोय. प्रत्येक विद्यार्थ्याला शैक्षणिक वर्षात दोन दिवस कोणतेही कारण न देता रजा घेता येते. फक्त शाळेला वेळेवर कळवावे लागते. हे दोन्ही दिवस आम्ही जानेवारीच्या मध्यातल्या शनिवार-रविवारला जोडले. लहान मुलीसाठी आणि पहिल्यांदाच शिकणाऱ्या मोठ्या माणसांसाठीही एवढी सहल पुरते, कारण सवय नसलेल्या मांड्या तिसऱ्या दिवशी बोलू लागतात.

मग गाव. ‘स्वित्झर्लंडमध्ये स्की’ म्हटले की झेरमाट, सांक्ट मोरित्झ, दावोस हीच नावे डोळ्यांसमोर येतात. झेरमाटला इटलीच्या बाजूचे उतार धरून सुमारे ३६० किलोमीटरचे स्की-मार्ग आहेत आणि तेथील लिफ्टच्या पासाचा दरही त्याच मापाचा असतो. आम्ही वहीत लिहिले ते एवढेच : आम्हाला काय लागणार आहे? लागणार होता दोनशे मीटरांचा मऊ उतार, माणसाला उभ्या उभ्या वर नेणारा सरकता पट्टा, एक धीराचा शिक्षक आणि दुपारी पाठ टेकायला जवळचे घर. उरलेल्या शेकडो किलोमीटरांवर आम्ही पाऊलही ठेवणार नव्हतो; मग त्याचे पैसे का द्यायचे? सातारहून आमच्याकडे आलेल्या माझ्या सासूबाईंना हे लगेच पटले. त्या म्हणाल्या, “अगं, दिवाळीत महाबळेश्वरला खोली मिळत नाही, तेव्हा लोक वाईला उतरतात आणि सकाळी घाट चढून वर जातात. इथे तसे काही नाही का?” आहे, आणि आम्ही शोधत होतो ते नेमके तेच.

दिवसापुरते जाऊन-येऊन करण्याचा पर्यायही आम्ही तपासला. विंटरथूर-झ्युरिकच्या बाजूने फ्लुम्सरबेर्गला जाणे फार सोयीचे आहे. उंटरटेर्झेन स्थानकावर उतरले की गोंडोला, म्हणजे तारेवरून जाणारा बंद पाळणा, तेथूनच वर जातो आणि मुक्कामाचा खर्च शून्य. ज्यांना स्की येते त्यांच्यासाठी किंवा एकदाच बर्फ अनुभवायचा असेल त्यांच्यासाठी मी हाच मार्ग सुचवीन. पण शिकणाऱ्याला सलग दिवस हवेत. आदल्या दिवशी पायांना कळलेले दुसऱ्या सकाळी पक्के होते. आठवड्याच्या अंतराने गेल्यास पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. सीमेपलीकडचे ऑस्ट्रियातील फोरारलबेर्गही पाहिले. तेथे खाणे-पिणे बरेच स्वस्त आहे. मात्र आमची रेल्वेची स्विस सवलत कार्डे तेथे तशी चालत नाहीत आणि एवढ्या थोड्या दिवसांसाठी दोन्ही बेरजा जवळजवळ सारख्याच आल्या.

शेवटी आम्ही वालिस कँटनमधील ग्रेखेन निवडले. फिस्पहून झेरमाटकडे जाणारी अरुंद मापाची रेल्वे ज्या मॅटरटाल खोऱ्यातून जाते, त्याच खोऱ्यात, झेरमाटच्या बरेच अलीकडे, डोंगराच्या उन्हाच्या बाजूवर हे गाव वसले आहे. उंची सुमारे सोळाशे मीटर, म्हणजे जवळजवळ झेरमाटएवढीच. गावातून गोंडोलाने सुमारे एकवीसशे मीटरवरच्या हानिगआल्पला पोहोचले की लहान मुलांसाठी आखलेले बर्फाचे मैदान आणि सरकते पट्टे समोरच असतात. येथून झेरमाटचे प्रसिद्ध शिखर मॅटरहॉर्न डोळे भरून पाहता येत नाही. समोरचा वाइसहॉर्न मात्र दिसतो आणि तो ४,५०६ मीटर उंचीचा आहे. केवळ एका शिखराच्या दर्शनासाठी वेगळे पैसे मोजावेत, असे मला वाटत नाही.

घर शोधण्याचे काम मला सर्वांत रंजक वाटले, कारण दराच्या मागचे गणित तेथे उलगडते. हॉटेलचा विचार आम्ही लवकरच सोडला. सुटीसाठी भाड्याने मिळणारी घरे, ज्यांना येथे ‘फेरिएनवोनुंग’ म्हणतात, ती कुटुंबासाठी स्वस्त पडतात. पण जाहिरातीत दिसणारा एका रात्रीचा दर हा पूर्ण दर नसतो. त्यावर शेवटच्या साफसफाईची ठरावीक रक्कम येते, काही ठिकाणी चादरी-टॉवेलचे पैसे वेगळे लावतात आणि प्रत्येक प्रौढामागे रोजचा ‘कुअरटाक्स’, म्हणजे गावाचा पाहुणा-कर, द्यावा लागतो. यातली साफसफाईची रक्कम सर्वांत महत्त्वाची, कारण घरात दोन रात्री राहा नाहीतर दहा, ती तेवढीच असते. लहान सहलीत ती रात्रींवर वाटली की स्वस्त वाटलेले घर अचानक महाग होते. यावरचा उपाय म्हणजे माणसे वाढवणे. झ्युरिकमधील आमच्या एका स्नेही कुटुंबाला आम्ही सोबत घेतले आणि दोन लहान घरांऐवजी तीन खोल्यांचे एकच मोठे घर घेतले. साफसफाईचा खर्च अर्धा झाला, स्वयंपाकघर एक झाले आणि मुलांना एकमेकांची सोबतही मिळाली. चादरी-टॉवेल घरूनच न्यायचे ठरवले. आणखी एक सल्ला मी मनापासून देईन : घर संकेतस्थळावर आवडले, तरी गावाच्या पर्यटन कार्यालयाकडून मालकांची यादी मिळवून थेट फोन करावा. आमच्या घरमालकीणबाई वयस्कर होत्या आणि त्यांची वालिसी जर्मन समजायला मला फार कष्ट पडले, पण जानेवारीतले रिकामे दिवस भरले जात आहेत म्हणून त्यांनी रात्रींची किमान अट आनंदाने सोडली.

प्रवासात मोटार नसणे आमच्या पथ्यावर पडले. विंटरथूरहून फिस्पपर्यंत एकाच गाडीने जाता येते. २००७ मध्ये खुल्या झालेल्या, साडेचौतीस किलोमीटर लांबीच्या ल्योचबेर्ग पायथा-बोगद्यामुळे हा प्रवास पूर्वीपेक्षा बराच जलद झाला आहे. पुढे डोंगरी रेल्वेने सांक्ट निकलाउस आणि तेथून पिवळ्या पोस्ट-बसने ग्रेखेन. पूर्ण दराने ही तिकिटे डोळ्यांत पाणी आणतात. म्हणून येथे राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने आधी अर्ध्या भाड्याचे ‘हाल्बटाक्स’ कार्ड घ्यावे. पहिल्या वर्षी ते १९० फ्रँकांना पडते. सहा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी ३० फ्रँकांचे वार्षिक कार्ड मिळते आणि त्यावर मूल आई-वडिलांबरोबर मोफत फिरते. हाल्बटाक्स असणाऱ्यांना रेल्वेचा सवलतीचा दिवस-पास २९ फ्रँकांपासून मिळतो. त्याची विक्री सहा महिने आधी सुरू होते आणि स्वस्त पास संपत गेले की दर वाढत जातो. तारीख लवकर ठरवण्याचा सर्वांत ठोस फायदा मला येथे दिसला. रेल्वे, डोंगरी रेल्वे आणि बस असा सगळा रस्ता त्या एकाच पासात आला.

याला जोडून ‘रेका’बद्दल सांगायला हवे, कारण नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांना ते सहसा ठाऊक नसते. १९३९ मध्ये स्थापन झालेली ही सहकारी संस्था नोकरदारांना सुटी परवडावी या हेतूने काम करते. अनेक मालक आपल्या कर्मचाऱ्यांना रेकाचे पैसे सवलतीत देतात आणि ते रेल्वे तिकिटांना, अनेक घरांना आणि लिफ्टच्या पासांनाही चालतात. नवऱ्याच्या कार्यालयात ही सोय पूर्वीपासून होती. कर्मचारी विभागाला एक पत्र लिहिल्यावर ती मिळाली. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना ही संस्था नाममात्र दरात सुटीही मिळवून देते, आणि खर्चाने धास्तावलेल्या कोणत्याही देशाला असा आधार असावा, असे मला वाटते.

सामानाच्या बाबतीत आमचे धोरण दोन भागांचे होते : अंगावरचे विकत, पायातले भाड्याने. बर्फाच्या विजारी आणि जाकिटे आम्ही ‘ब्रोकनहाउस’ म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतली. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तेथे मुलांच्या मापाचे चांगले कपडे येतात, कारण मुले एका हिवाळ्यात मापाबाहेर जातात. आपल्याकडे ‘वाढत्या अंगाचे’ घेण्याची जी पद्धत आहे, ती विजारीला चालते, स्कीबुटाला चालत नाही. बूट सैल असला की पाय आत फिरतो, स्की ऐकत नाही आणि गुडघा धोक्यात येतो. आत दोन मोजेही नकोत. एकच पातळ लोकरी मोजा हवा. बूट आणि स्की यांना जोडणारे बाइंडिंग वजन, उंची, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य पाहून लावावे लागते, म्हणजे पडल्यावर ते योग्य वेळी सुटते. जुनी स्की कोणाकडून मोफत मिळाली, तरी दुकानात हे तपासून घेतल्याशिवाय वापरू नये. येथील अपघात-प्रतिबंधक संस्था, बीएफयू, दरवर्षी बाइंडिंग तपासून घेण्याचा आग्रह धरते. मुलीसाठी आम्ही शहरातल्या दुकानातून अख्ख्या हिवाळ्यासाठी स्की भाड्याने घेतली, कारण तिला नंतर शाळेबरोबरही जायचे होते. आमच्यासाठी मात्र गावातच, आधी ऑनलाइन आरक्षण करून, घेतली. हेल्मेटवर कोणीही पैसे वाचवू नयेत.

शिक्षण आणि पास या दोन गोष्टींचा विचार एकत्रच करावा. पहिल्यांदा स्की पायात घालणाऱ्याला पहिले एक-दोन दिवस संपूर्ण क्षेत्राचा पास लागतच नाही. लहान मुलांच्या मैदानापुरते किंवा गोंडोलाच्या जाण्या-येण्यापुरते तिकीट पुरते, आणि पहिल्या सकाळी शिक्षकाने आम्हालाही हेच सांगितले. आता अनेक ठिकाणी पासाचे दर विमानाच्या तिकिटासारखे मागणीनुसार बदलतात आणि लवकर घेतल्यास स्वस्त पडतात. पण असा पास बहुधा परत करता येत नाही. जोराच्या वाऱ्याने वरच्या लिफ्ट बंद पडल्या किंवा मूल तापाने आजारी पडले, तर वाचवलेले पैसे त्यातच जातात. ज्यांना स्की येते आणि वर्षभरात बरेच दिवस जायचे आहे, त्यांच्यासाठी आगाऊ खरेदी शहाणपणाची आहे, नवशिक्याने थांबावे.

मुलीसाठी आम्ही गटातला वर्ग घेतला. येथील स्की-शाळांमध्ये मुलांसाठी देशभर एकच श्रेणी-पद्धत आहे, त्यामुळे पुढच्या वर्षी दुसऱ्या गावात गेले तरी मुलीची पायरी कोणती हे तेथील शिक्षकाला कळते. मोठ्यांसाठी वेगळी युक्ती केली. खासगी शिक्षकाचे तासाचे दर ऐकून माणूस मागे फिरतो. पण आम्ही दोन्ही कुटुंबांतील चौघांनी मिळून एकच शिक्षक घेतला. चौघांसाठी तो दर एकट्याच्या दरापेक्षा थोडासाच जास्त असतो, आणि माणशी हिशेब केला तर गटातल्या वर्गाच्या जवळ येतो. लक्ष मात्र खासगीसारखे मिळते. सकाळी दोन तास शिकायचे, दुपारी तेच आपले आपण गिरवायचे. स्कीची टोके जवळ आणि मागची बाजू फाकवून वेग कसा रोखायचा, हे एकदा पायांना उमगले की भीती निम्मी कमी होते. हा पैसा मी कधीही कमी करणार नाही. एखाद्या मित्राने शिकवावे असा सल्ला आम्हाला पुष्कळांनी दिला, पण चुकीची सवय लागली की ती काढायला पुढे जास्त तास लागतात.

खाण्याचा खर्च सर्वस्वी आपल्या हातात असतो. फिस्पला गाडी बदलताना आम्ही दूध, दही, भाज्या आणि पाव घेतले. मोठ्या साखळी-दुकानांच्या स्वस्त मालिकेतील पदार्थ डोंगरातही उत्तम चालतात. घरून तूरडाळ, तांदूळ, भाजणी, मेतकूट आणि लहान कुकर नेला होता. सकाळी थालीपिठे लावून ती डब्यात घालायची आणि थर्मासमध्ये गरम चहा, एवढ्यावर दुपार निभायची. डोंगरावरच्या उपाहारगृहात आपला डबा उघडणे शिष्टसंमत नाही, म्हणून बाहेरचे बाक किंवा डब्यासाठी राखलेली जागा शोधावी. पाण्याची बाटली नळावर भरावी. येथील नळाचे पाणी उत्तम असते. एका दुपारी मात्र आम्ही सगळे आत जाऊन बसलो आणि राक्लेट, म्हणजे येथील वितळवलेल्या चीजचा पदार्थ, मागवले. जेथे गेलो तेथील चव एकदाही घ्यायची नाही, इतकी काटकसर मला मान्य नाही.

विम्याचा भाग कंटाळवाणा आहे, पण तो वगळून केलेले अंदाजपत्रक खोटे ठरते. येथे आठवड्याला किमान आठ तास एकाच मालकाकडे नोकरी करणाऱ्याला कामाबाहेरच्या अपघाताचेही संरक्षण मालकामार्फत असते आणि त्यात स्कीचा अपघात येतो. मुलाचे तसे नसते. त्याचा अपघात आरोग्य विम्यात येतो आणि मूलभूत विमा सुटकेच्या खर्चाचा अर्धाच भाग, वर्षाला कमाल पाच हजार फ्रँक, देतो. डोंगरावरून हेलिकॉप्टरने आणावे लागले, तर उरलेली रक्कम लहान नसते. म्हणून पूरक विमा किंवा हवाई बचाव संस्थेचे सभासदत्व घ्यावे. देशभर रेगाचे नाव परिचित असले, तरी वालिसमध्ये प्रामुख्याने एअर झेरमाट आणि एअर ग्लेशियर्स यांची हेलिकॉप्टरे येतात, हे ध्यानात ठेवून सभासदत्व निवडलेले बरे. भारतातून येणाऱ्यांसाठी हे आणखी महत्त्वाचे. शेंगेन व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, पण त्यात हिवाळी खेळ धरले आहेत की नाही, हे पॉलिसी वाचूनच कळते. सासूबाई स्की करणार नव्हत्या, तरी बर्फावर घसरण्याचा धोका असतोच. म्हणून आम्ही त्यांची पॉलिसी ओळीने वाचली आणि त्यांच्या बुटांना लावायला काटे घेतले.

स्की न करणाऱ्या माणसासाठी अशा सहलीत काय आहे, हे मला बऱ्याच जणांनी विचारले. ग्रेखेनमध्ये हिवाळ्यात चालण्यासाठी दाबून सपाट केलेल्या वाटा आहेत आणि गोंडोलाचे पायी जाणाऱ्यांसाठीचे तिकीट स्कीच्या पासापेक्षा बरेच स्वस्त असते. सासूबाई रोज सकाळी गावात फेरी मारत, दुपारी वर येऊन उन्हात बसत आणि नातीचा वर्ग पाहत. “आई, थंडी वाजत असेल तर खाली जाऊ या,” असे मी म्हटले की त्या म्हणत, “तिचे होऊ दे आधी.”

परतीच्या गाडीत आम्ही वही पूर्ण केली. सर्वांत मोठा आकडा शिकवणीचा होता, त्याखालोखाल घराचा आमचा अर्धा वाटा; स्कीचे भाडे, प्रवास आणि तिकिटे मागोमाग, आणि खाणे सर्वांत शेवटी. हाल्बटाक्स वर्षभर वापरतो म्हणून त्याचे पैसे आम्ही यात धरलेले नाहीत. एकूण रक्कम ठरवलेल्या मर्यादेच्या आत राहिली. पुढच्या वर्षी शिकवणीचे तास कमी लागतील आणि पासाचा खर्च वाढेल, कारण मुलीला आता निळ्या खुणेच्या सोप्या उतारांवर जायचे आहे. जानेवारीतला तोच आठवडा राखून ठेवावा, असे आम्ही घरमालकीणबाईंना निघतानाच सांगितले. त्यांनी तारखा भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर लिहून घेतल्या.